घुमटातले बगळे

स्टेशनच्या मोठ्या दालनावरचा घुमट मुळातच काळा असणार, असं सगळे धरून चालले होते. फार पूर्वी, युद्धाच्या काळात, विमानांना खालचा उजेड दिसू नये म्हणून त्याच्या काचांना आतून डांबर फासलं होतं. युद्ध संपलं, पण ते काढायला कुणी वर चढलं नाही. आता घुमट गळायला लागला, तसं स्टेशनच्या मोठ्या साहेबांनी काचा उतरवून पत्रा टाकायचं ठरवलं.

"आधी एक कोपरा खरवडून बघू द्या," म्हणत काचकाम करणाऱ्या दोघी बहिणी त्यांच्या मागेच लागल्या. शेवटी साहेब हो म्हणाले.

परांचीवर उताणं पडून लाकडी पट्टीने डांबर सोलायचं, मग कापसाच्या बोळ्याने पुसायचं. बराच वेळ नुसता चिकटा हाती आला. मग धाकटीच्या बोळ्याखाली एक तांबूस रेघ उजळली.

"ताई, काडी आहे बघ कसली तरी."

थोरलीने पुढे पुसत नेलं. काडीला गुडघा निघाला, गुडघ्यावर दुधाळ पांढरं पोट.

"काडी कसली, पाय आहे तो! अगं, बगळा आहे!"

त्या एका बगळ्याची चोच सापडेपर्यंत परांची दोनदा सरकवावी लागली. त्याच्या पंखामागे दुसरा पंख होता, त्यामागे तिसरा. साहेब बघायला वर आले, मान मागे टाकून बघता बघता त्यांची टोपी खाली पडली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "पत्र्याचं राहू द्या," एवढंच ते म्हणाले.

काम संपून परांची उतरली, तेव्हा बहिणी मामाला घेऊन आल्या. आईचा हा भाऊ. उभा जन्म याच दालनात हमाली केलेला, आता गुडघ्यांमुळे घरीच बसलेला. दारातून आत येताच त्याने वर पाहिलं आणि धाकटीचा दंड घट्ट धरला. निळ्या काचेच्या आभाळात बगळ्यांचा अख्खा थवा गोल गोल वर चढत मधल्या सोनेरी उजेडात शिरत होता.

"हे इथंच होतं?"

"हो, मामा."

"माझ्या डोक्यावर?"

थोरलीने मान डोलावली. पंख तिने स्वतःच्या हातांनी पुसले होते, पण एवढं आभाळ तिलाही आजच दिसत होतं.

मामाला खुर्ची आणून दिली. त्याने तळहात पुढे केला. त्यावर निळा उजेड पडला, तशी त्याने बोटं अलगद मिटली, पुन्हा उघडली.

दुपार झाली. "मामा, जेवायला जायचं ना?"

"जाऊ गं. तो उजेड बघ, त्या खांबाकडे निघालाय," मामा उठत म्हणाला. "माझी खुर्ची जरा तिकडे घे."