शिडीखाली कोणीतरी हवं

"पोरी, शिडी बांधून ठेवलीस ना, तर तुझा बाप खुर्चीवर चढेल."

टेकू हे म्हणाला तेव्हा माझ्या पायात सायकलला लावायची साखळी अडकवली जात होती. कुलूप लावणाऱ्या लेकीने मानही वर केली नाही. "काका, तुम्ही पण ना," एवढंच म्हणाली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि उतू जाणारं दूध बघायला आत पळाली.

मित्रांनो, मी एक जुनी घडीची शिडी आहे. सागवानी, सात पायऱ्यांची. मला स्वस्थ बसवत नाही. खरं तर मला बसताच येत नाही. पाय फाकवून उभं राहायचं किंवा भिंतीला टेकायचं, दोनच गोष्टी मला जमतात.

एका मोठ्या रुग्णालयाच्या सुताराने मला घडवलं. घासून गुळगुळीत केलं, पायांना रबरी टाचा बसवल्या आणि वायरमनच्या ताब्यात दिलं. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. अडतीस वर्षं आम्ही वॉर्डावॉर्डांतून फिरलो. ट्यूब बदलायची, पंख्याला तेल द्यायचं, ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा लाल दिवा तपासायचा. तो चढायचा आणि खाली त्याचा मदतनीस मला दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा. तोच टेकू. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. इतक्या वर्षांत वायरमन एकदाही पडला नाही. सगळे त्याची पाठ थोपटायचे, कधी माझीही. टेकूची कोणी थोपटल्याचं मला आठवत नाही.

पुढे अॅल्युमिनियमच्या शिड्या आल्या. मला भंगारात काढलं आणि वायरमन निवृत्त झाला, दोन्ही एकाच महिन्यात. निरोपसमारंभात साहेबांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तो म्हणाला, घड्याळ राहू द्या, शिडी द्या. सगळे हसले आणि त्याला दोन्ही दिली. काखेत घड्याळ, खांद्यावर मी, अशी आमची वरात घरी आली. लेकीने दारातच कपाळावर हात मारला.

पहिलं वर्ष झकास गेलं. टेकूही निवृत्त झाला होता, दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा. दर बुधवारी सकाळी तो यायचा आणि आम्ही तिघं निघायचो. कोणाचा पंखा खडखडतोय, कोणाची दाराची घंटा मुकी झालीय. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या माळ्यावरून तर आम्ही मांजर आणि तिची तीन पिल्लं उतरवली. कामापेक्षा गप्पा जास्त. वायरमन घरी परतायचा तो डोक्याला जळमटं घेऊन, शीळ घालत.

लेक मात्र दर बुधवारी खिडकीतून हलायची नाही. तिची मुलगी चार वर्षांची. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटांना कड्या, आणि डोक्यात सतत एकच घोर, काय सांडेल, काय पडेल, कोण पडेल. त्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात साखळी आली.

तिचा जीव तुटत होता म्हणून तिने ते केलं, हे मला कळतं. तिने मऊ आरामखुर्ची आणली. बाबा, जन्मभर राबलात, आता नुसतं बसा, म्हणाली. वायरमन बसला. बाल्कनीच्या काचेतून मला सगळं दिसायचं. तो रिमोटचे स्क्रू काढायचा, परत लावायचा. दारापासून भिंतीपर्यंत अकरा पावलं, भिंतीपासून दारापर्यंत अकरा. सारखा घड्याळाकडे बघायचा, जणू कोणीतरी त्याची वाट बघतंय. बुधवारी टेकू यायचा. दोघं समोरासमोर बसायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी साखळी खडखडवायचे. लेकीला वाटायचं वारा सुटलाय, ती काच लावून घ्यायची.

एका सकाळी ती दूध आणायला खाली गेली. स्वयंपाकघरातला दिवा फडफडत होता. वायरमनने लेकीची कामाची खुर्ची ओढत आणली. गरकन फिरणारी, पाच चाकांची. नातीला म्हणाला, धर गं घट्ट. आणि ती चिमुरडी टेकूसारखी पाय रोवून उभी राहिली. मित्रांनो, मला तोंड नाही. चार पाय आहेत, तेही बांधलेले.

खुर्ची फिरली. पडता पडता त्याने अंग नातीपासून लांब झोकलं. मनगट मोडलं. लेक आली तेव्हा पोर ओट्याखाली अंग चोरून बसली होती आणि हुंदके देत सांगत होती, "मी सोडली नव्हती. मी नाही सोडली."

हात प्लास्टरमध्ये गेला. संध्याकाळी लेक किल्ली घेऊन बाल्कनीत आली. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडलं. मला आत ओढून तिने वायरमनसमोर उभं केलं.

"तुम्ही वर चढलात की मला तुम्ही पडतानाच दिसता, बाबा. बसवून ठेवलं तर हे असं. मी करू तरी काय?"

वायरमनने माझ्या पायरीवर हात ठेवला. "तू चढ," तो म्हणाला. "मी धरतो."

दुसऱ्या दिवशी त्याने आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग बऱ्या हाताने आणि गुडघ्याने मला दाबून धरलं. लेक चढली. पहिल्याच पायरीवर थांबून ती खाली बघू लागली. खाली बघू नकोस, खालचं बघायला मी आहे, असं तो सांगत राहिला. मेन चालू केल्यावर दिवा लागला. या वेळी जळमटं तिच्या केसांत होती.

प्लास्टर निघाल्यापासून दर बुधवारी इमारतीच्या खालच्या खोलीत त्याचा वर्ग भरतो. फ्यूज कसा बदलायचा, इस्त्रीची वायर कुठे तुटते. गाण्याच्या बाई येतात, नवीन संसार मांडलेलं जोडपं येतं. चढायचं शिकणाऱ्याने, धरायचं वायरमनने. मनसोक्त ओरडायला मिळतं म्हणून स्वारी खूश आहे. घड्याळाकडे बघायला त्याला फुरसत नाही.

तरी माझ्या जिवाला चैन नाही. टेकू पहिले दोन बुधवार आला. धरायला वायरमन होता. टेकू कोपऱ्यात उभा राहिला, हात खिशात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. गेले तीन बुधवार तो आलाच नाही. येईल, जातोय कुठे, असं वायरमन म्हणतो.

आज वर्ग सुरू असताना लेकीने खोलीभर नजर फिरवली. "बाबा, टेकूकाका कुठे आहेत?" तो काही बोलायच्या आत तिने चपला पायात सरकवल्या. "तुमचं मनगट अजून कच्चं आहे. धरायला माणूस हवं. मी त्यांना घेऊन येते."

ती अजून परतलेली नाही. मी दाराला टेकून उभी आहे, तिथून रस्ता दिसतो.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल, जे वर्षानुवर्षं खाली उभं राहून दुसऱ्याला धरत आलं. आज त्याच्या हातांना काही काम आहे का, जरा बघून या. फोनवर विचारू नका, तो ठीक आहे म्हणेल. जाऊन बघा.