टेलच्या व्हॉल्व्हची किल्ली

शिवारात पाणी सगळ्यात शेवटी जिथं पोचतं त्या भागाला टेल म्हणतात. टेलला शेत असणं म्हणजे काय, हे विजयमालाला लग्न होऊन शेळगावात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. वरच्या अंगाचे लोक पाणी घेऊन, जेवून, घटकाभर लवंडून उठले की मग टेलच्या पाटात काहीतरी ओलसर सरकायचं. त्यालाच पाणी म्हणायचं आणि हात जोडायचे.

लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती बारामतीत संगणकाचे वर्ग घ्यायची. सामायिक शेततळ्यावर पंपघर झालं तेव्हा तिनं हट्टानं तिथं एक छोटा संगणक बसवून घेतला आणि सगळे व्हॉल्व्ह त्याला जोडले. ज्यांचा व्हॉल्व्ह, त्यांच्या फोनवर त्याची किल्ली. फोनमध्ये टर्मिनलचं ॲप असायचं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. त्यातून पंपघराशी जे बोलणं व्हायचं ते कुलूपबंद; वाटेत कुणी कान लावला तरी त्याच्या पदरी काही पडायचं नाही. टेलची किल्ली भावकीतल्या साखरबाईंकडे होती. त्या काळ्या पडद्याला पाटी म्हणायच्या. पाटीवर 'उघड' लिहिलं की टेलला पाणी सुटायचं, कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं नाही.

मंगळवारी ते बंद पडलं.

पाणी संस्थेचे चेअरमन मानसिंगराव, म्हणजे विजयमालाचे चुलत दीर. पंपघर व्हायच्या आधी पाटाच्या दारांच्या किल्ल्या त्यांच्याचकडे असायच्या. त्यांनी बारामतीहून एका कंपनीच्या संदेशला आणून पंपघरातला संगणक अपडेट करून घेतला. नव्या फोनवाल्यांना काही जाणवलं नाही. साखरबाईंचा फोन मात्र जुना, मुलानं वापरून सोडलेला. त्यातल्या ॲपला नव्या तऱ्हेचं कुलूप ओळखू येईना. 'जुळत नाही' म्हणून ते दारातूनच परत येई.

आणि संस्थेचा नियम असा, की बारीच्या, म्हणजे पाणीपाळीच्या, दिवशी सूर्य मावळायच्या आत ज्याला आपला व्हॉल्व्ह आपल्या फोनवरून उघडता आला नाही, त्याची किल्ली चेअरमनकडे जायची. टेलची बारी गुरुवारी होती.

गुरुवारी दुपार कलल्यावर विजयमाला आणि साखरबाई पंपघराच्या ओट्यावर येऊन बसल्या. मानसिंगराव आधीच खुर्ची टाकून होते. शेजारी संदेश, आणि त्याच्या मांडीवर नव्या फोनचं खोकं.

"काकी, संस्थेतर्फे तुमाला नवा फोन," मानसिंगराव म्हणाले. "व्हॉल्व्ह कंपनीच्या ॲपवर. तुमी नुसतं मला सांगायचं, मी उघडून देतो. हाय का न्हाय सोपं?"

"आनि तू झोपला असशील तर?" साखरबाई म्हणाल्या.

"मी झोपत न्हाय."

"दिसतंय की. ग्रामसभेत घोरत हुतास ते मग सोंग व्हय?"

संदेशला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घातलं. मग विजयमालाकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, फोन नको असेल तर दुसराही मार्ग आहे. पंपघरावर जुन्या तऱ्हेचं कुलूप परत चालू करतो. एका मिनिटाचं काम."

"ते का बंद केलं होतंत?"

"आता ते फोडता येतं ना. म्हणून."

"मग फोडता येणारं कुलूप टेललाच कशाला?" विजयमाला हळूच म्हणाली. तिचा आवाज मुळातच इतका बारीक, की मानसिंगरावांना पुढे वाकावं लागलं. "कुलूप नवंच राहू दे. मी फोनातलं ॲप नवं करते."

"ॲपच्या दुकानात मिळतं का बघा," संदेश म्हणाला. "मी पाहिलंय, 'हे ॲप तुमच्या फोनसाठी नाही' म्हणतं."

ते खरं होतं. पण ॲप बनवणाऱ्यांनी आपल्या मूळ साइटवर जुन्या फोनांसाठी एक वेगळी आवृत्ती ठेवली होती, नवं कुलूप ओळखणारी. विजयमालानं आदल्या दिवशी कपाटातल्या आपल्या जुन्या फोनवर ती उतरवून पाहिली होती, अजिबात खळखळ न होता. त्या भरवशावर तिनं साखरबाईंच्या फोनवर पत्ता टाकला.

पडद्यावर लाल इशारा आला. या साइटची ओळख पटत नाही. खाली दोन बटणं होती: मागे जा, तरीही पुढे जा.

तिनं पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा तेच. ओट्यावरचं ऊन भिंतीपर्यंत सरकलं होतं. काल जमलं ते आज का जमेना, हे तिला कळेना. आपणच काही विसरतोय की काय, असं वाटून ती पत्त्याचं एकेक अक्षर पुन्हा तपासू लागली.

"मॅडम, 'तरीही पुढे जा' दाबा," संदेश म्हणाला. "सगळे तेच दाबतात."

"दारात कोण उभं आहे ते कळत नाही, आणि त्याला घरात घेऊ?"

"वहिनी, सूर्य बघा जरा," मानसिंगराव म्हणाले.

"बघतेय, भाऊजी. तो तुमच्या सांगण्यावरनं मावळत नाही."

हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. पण तिनं मान खाली घातली नाही.

साखरबाईंनी चष्मा लावला आणि फोन आपल्याकडे ओढला. "बघू दे तरी काय म्हनतोय मुडदा." फोनच्या कडेचं बटण दाबून त्यांनी पडदा लांब धरला, जवळ धरला, आणि एकदम छातीवर हात मारला.

"अगं बया! आज सुक्कीरवार हाय?"

"गुरुवार आहे, आत्या."

"फोन सुक्कीरवार म्हनतोय! मग माझा दत्ताचा गुरुवार गेला कुठं? काल तर म्या भाकरी खाल्ली! मोडला का गं उपास?"

संदेशला आता खोकलाही पुरेना. विजयमालानं मात्र फोन हातात घेतला आणि वाराखालची तारीख वाचली. जानेवारी, दोन हजार सोळा.

"आत्या, फोनची बॅटरी काढली होती का?"

"काढायची न्हाय तर काय! खंडेनवमीला इळं, खुरपी, पाना, समदं मांडलं. त्या दिवशी कुनाला राबवायचं न्हाय म्हटल्यावर फोनलाच का राबवावं? बॅटरी काढली, त्याला विसावा दिला, हळदकुकू लावलं. दसऱ्याला फुलं उचलल्यावर बसवली परत."

विजयमालानं मागचं झाकण उघडलं. बॅटरीच्या खाचेत अजून हळद होती. विसावा घेऊन उठलेल्या फोनला मधली वर्षं आठवतच नव्हती, आणि तारीख आपोआप लावायची सोय कधीतरी कुणीतरी बंद केलेली. ज्या दाखल्यावरून साइटची ओळख पटायची, तो फोनच्या लेखी अजून जन्मालाच आला नव्हता.

"उपास शाबूत आहे, आत्या. फोनच मागं राहिलाय." तिनं तारीख लावली, पत्ता टाकला. लाल इशारा आला नाही. ॲप उतरलं. बसवायला गेली, तर फोन म्हणाला, जागा नाही.

"जुनं ॲप काढून टाका, होईल जागा," संदेश म्हणाला.

"जुन्यातच किल्ली आहे. ते काढलं की किल्ली गेली." ती थांबली. "जुन्यावरच नवं चढवायचं. आत्या, दुसरं काय पुसू?"

"ती फुलं पूस समदी, शुभ सकाळची."

"कुणी पाठवलीत एवढी?"

"हा काय बसलाय खुर्चीत. रोज पहाटं एक गुलाब धाडतोय मानसिंगा. बायकोला एक दिला न्हाय कवा."

मानसिंगरावांनी घसा खाकरला आणि तळ्याकडे पाहिलं. गुलाब गेले, जागा झाली, नवं ॲप जुन्यावर बसलं. किल्ली जिथल्या तिथं होती.

पंपघराशी जोडताच फोननं अक्षरांची एक लांब ओळ दाखवून विचारलं: समोरच्या संगणकाचा ठसा हा असा आहे, ओळखता का? विजयमाला आत जाऊन पंपघराच्या पडद्यावरचा ठसा एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागली, आणि ओट्यावर साखरबाई बोटानं अक्षर दाबून धरत "हाय", "हाय" म्हणत गेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना घरच्या शेळ्यांसारखी चेहऱ्यावरून माहीत. मधेच संदेश म्हणाला, "अहो, पुरे, जुळलंच असणार." साखरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तू गप. माझं बोट सुटंल."

शेवटचं अक्षर जुळलं. साखरबाईंनी स्वतः 'उघड' लिहिलं. विजयमालानं मदतीला हात पुढे केला होता, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. खाली पाइपात हवा गुरगुरली, आणि टेलच्या बाजूला पाणी सुटल्याचा आवाज आला. ऊन अजून तळ्याच्या बांधावर होतं.

मानसिंगराव उठले. मघाचा चढा सूर आता नव्हता. "बरं झालं. पन वहिनी, त्या व्हॉल्व्हची एक किल्ली माझ्याकडं बी टाकून ठिवा. उद्या पुन्हा अपडेट आलं, तुमी गावाला गेलात, तर? अडीनडीला आपली."

"नाही, भाऊजी."

"घरातलाच हाय ना मी?"

"म्हणूनच सांगतेय. परक्याला नुसतं नाही म्हटलं असतं, तुम्हाला कारण सांगते. किल्ली तुमच्याकडं होती तेव्हा आमच्या वाट्याला काय यायचं, ते तुम्हीही बघितलंय. पुढचं अपडेट येईल तेव्हा ह्या ओट्यावर आम्हीच बसू. टेलच्या सगळ्याजणींना शिकवून ठेवते." आवाज तोच, बारीक. या खेपेला मात्र मानसिंगरावांना न वाकताच सगळं ऐकू गेलं.

"निदान आज लवकर बंद करा," ते म्हणाले. "अंधार पडल्यावर वरच्या मक्याला घ्यायचं हाय मला."

साखरबाईंनी फोन पदरानं पुसला, कमरेच्या पिशवीत सारला आणि पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

"माझी बारी सकाळपातूर हाय, मानसिंगा. सकाळी ये. आनि खुर्ची घेऊन ये, मला यळ लागतो ल्ह्यायला."

त्या उठल्या आणि पाटाच्या कडेनं चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग विजयमालाही निघाली. पाणी दोघींच्या पुढे धावत कांद्याच्या वाफ्यांकडे निघालं होतं.