ऑर्बेल हे नाव

एलीहियाने पिण्याच्या शिंगात तेरेरेच्या पाल्यावर गार पाणी ओतलं, ते पोर्फिरिओच्या हातात दिलं आणि पत्र तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं. पत्र मोठं सभ्य होतं. ऑर्बेल ही प्रोग्रामिंगची भाषा सर्वांना खुली आहे, तिचा कोड कुणीही बदलावा, कुणालाही वाटावा. मात्र बदललेल्या आवृत्तीला ऑर्बेल म्हणता येणार नाही, कारण ते नाव ही भाषा घडवणाऱ्या संस्थेचा ट्रेडमार्क आहे. तीस दिवसांत नाव काढावे.

"म्हणजे घर हवं तसं बांधा, पण पत्ता कुणाला सांगू नका," पोर्फिरिओ म्हणाला. "तुला परवानगी मागायला सांगितलं होतं कुणी? चार वर्षं कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. हात दाखवून अवलक्षण!"

"खुल्या कोडची माणसं ना आपण, काका? दुसऱ्याचं नाव न विचारता कसं लावायचं?"

"मग भोग आता." त्याने शिंग रिकामं करून परत दिलं.

पोर्फिरिओ निवृत्त तारमास्तर, एलीहिया कारापेग्वा गावातल्या वाचनालयाचे संगणक सांभाळणारी. दोघांनी मिळून ऑर्बेलमध्ये एकच गोष्ट बदलली होती. चूक झाली की पडद्यावर येणारी इंग्रजी ओळ त्यांनी ग्वारानीत, इथल्या घरोघरच्या बोलीत, आणली होती. अशा आठशे चाळीस ओळी. काआसापाकडच्या एका खेड्यात सुनिल्दाबाईंच्या शाळेत बारा जुनी यंत्रं होती. तिथली मुलं पूर्वी ती लाल इंग्रजी ओळ दिसली की आपल्या हातून काहीतरी मोडलं असं समजून हात मांडीवर घेत आणि बाईंची वाट पाहत बसत. आता कंस बंद करायचा राहिला की पडद्यावर येई, 'फाटक उघडं राहिलं, डुकरं शिरतील.' मग "बाई, माझ्यात डुकरं शिरली!" म्हणून एकच गलका होई, आणि शेजारचे दोघे फाटक शोधायला धावत.

नाव शेकडो ठिकाणी रुतलेलं होतं. एकोणीस दिवस दोघं ते उपसत बसली. नवं नाव एलीहियाने आईच्या जाळीदार विणकामावरून न्यांदुती ठेवलं. सगळं पूर्वीसारखं चाललं तेव्हा तिला हायसं वाटलं. आपण नियमाने वागलो आणि काही बिघडलं नाही, याचा तिला थोडा गर्वही झाला.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला.

"एलीहिया, निरीक्षकांनी तुमचं न्यांदुती काढून टाकलं गं. बाराही यंत्रांवरून."

"का? बाई, तेच आहे ते! नावाखेरीज काही बदललेलं नाही."

"मला सांगून काय उपयोग? मंत्रालयाच्या यादीत ऑर्बेल आहे, न्यांदुती नाही. यादीत नाही ते शाळेत नाही, म्हणाले."

"मग यादीत घालायचं कसं?"

"अर्ज करायचा. पुढच्या वर्षी समिती बसेल. बसली तर."

एलीहियाने पोर्फिरिओकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू येत होतं. टोमणा मारायची इतकी चांगली संधी होती, पण तो शिंगातला पाला नळीने उगाच ढवळत राहिला. ते पाहून तिला जास्तच रडू आलं. त्या पत्राला नाही म्हणायची सोय नव्हती आणि यादीशी भांडायला समोर माणूसच नव्हता.

"आता कोणतं घातलंय?"

"संस्थेचं. इंग्रजीतलं."

एलीहियाने फोन कानाशी घट्ट धरला. सकाळचे दहा वाजले होते. एरवी या वेळी बाईंशी बोलायचं तर गलक्यावर ओरडावं लागे.

"बाई, वर्ग भरलाय ना?"

"भरलाय की. सगळी बसलीत आपापल्या जागी. हात मांडीवर घेऊन. काल निरीक्षक पुन्हा बघायला आले होते. शेरा लिहून गेलेत, वर्गाची शिस्त फार सुधारली."