साडेतेरा हजारांतलं एक अक्षर

"अण्णांना फ्लू त्या कुत्र्यानंच दिला," दादानं फोनवर निकाल लावून टाकला. "संध्याकाळी माणूस येतोय. ढब्बूला घेऊन जाईल, कायमचा."

"तोवर दम धर," धाकटी म्हणाली. "माझं यंत्र अजून बोललेलं नाही."

"तू एक शहाणी, तुझं यंत्र दीडशहाणं!"

विषाणूंच्या प्रयोगशाळेत तिची नऊ वर्षं गेली होती. पण स्वतःच्या वडिलांचा आणि त्यांच्या कुत्र्याचा स्वॅब एकत्र तपासायची वेळ पहिलीच. अण्णा इस्पितळात, ऑक्सिजन कालच निघालेला. ढब्बू घरी खोकत पडलेला.

आधी पेशींचे तक्ते आले. विषाणूचा घाला पडल्यावर कोणती जनुकं जागी झाली, ते सांगणारे. तिनं दोन्ही शेजारी ठेवले. एक माणूस, एक मुकं जनावर. पण हाकेला धावलेली जनुकं बहुतेक तीच!

मग विषाणूच्या स्वतःच्या जनुकांची साडेतेरा हजार अक्षरं. दोघांत फरक एकाच अक्षराचा. ढब्बूचं वर मांडलेलं, म्हणून घाईघाईत तिनं तेच मूळ धरलं. म्हणजे दादाचंच खरं! मग स्वतःलाच चापटी मारावीशी वाटली. वर मांडलं म्हणून कुणी थोरलं होतं का? अशा तंट्यात तिसरा साक्षीदार लागतो, हे नव्या पोरांना तीच शिकवायची. तिनं गेल्या महिन्यात शहरात सापडलेला विषाणू खाली मांडला. त्या जागी त्याचं जे अक्षर, तेच अण्णांच्यात. नवं होतं ते ढब्बूच्यात.

एवढासा जीव, जीव म्हणावा की नाही तेही ठरत नाही, आणि या नाकातून त्या नाकात जाताना वाट लिहून ठेवतो!

"देवा, केवढं बारीक लिहितोस रे," ती पुटपुटली. मग तिनं अण्णा आणि दादा, दोघांना एकाच फोनवर घेतलं.

"अण्णा, आजार तुमच्याकडून त्याच्याकडे गेलाय."

अण्णा धापा टाकत म्हणाले, "थोरल्या, त्या माणसाला सांग, कुत्रा नको. इस्पितळातून म्हातारा उचल."

"अण्णा, काहीतरीच काय!"

"का? गुन्हा तोच ना?"

लांबून दादाचा आवाज आला, "ये रे ढब्ब्या, ये इकडं." आणि जवळून, जरा ओशाळा, "छोटे, याला अण्णांचंच औषध चालेल का गं?"

"मनानं काही देऊ नकोस. जनावरांच्या डॉक्टरकडे ने, आत्ता."