पुढची खुर्ची

बाई या गावात आल्या त्या एका वर्षासाठी, कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर बदली शिक्षिका म्हणून. रजेवर गेलेल्या त्या बाई परत आल्याच नाहीत, पुढे कुठेतरी आजीही झाल्या म्हणे, आणि बदलीवरच्या बाई अजून इथेच. शाळेने निवृत्त केलं तेव्हा त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण रविवारचं काम शिल्लक होतं. चर्चच्या मागच्या दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक ठेवायचं आणि त्याने कुठे बसायचं ते नजरेनेच सांगायचं. औषधवाला आणि पोस्टमास्तर शेजारी बसले की खुसुखुसू हसतात, हे बाईंना ते चौथीत असल्यापासून ठाऊक. आता दोघांनाही नातवंडं आहेत, तरी बाईंनी त्यांच्या मधे औषधवाल्याची मोठी बहीण कायमची बसवून ठेवली होती.

दाराशी उभं राहिलं की सगळं गाव पाठमोरं दिसायचं. कुणाच्या मानेला ताण आहे, कुणाची कॉलर आज बायकोने इस्त्री केलेली नाही, कोण नवराबायको भांडून आलेत, याचा हिशेब पहिल्या प्रार्थनेच्या आत लागायचा. एवढी मौज दुसऱ्या कुठल्या कामात होती?

चर्चचे नवे पाळक बाहेरगावचे. बाईंच्या हाताखालून न गेलेला हा बहुधा गावातला एकटाच माणूस. मनाने मऊ. ऐंशी उलटलेली बाई उपासनाभर उभी राहते हे त्यांना बघवेना. त्यांनी कमिटीपुढे सुचवलं, की बाईंना पुढे, व्यासपीठाशेजारी, लोकांकडे तोंड करून मानाची खुर्ची द्यावी आणि पुस्तकं दुसऱ्या कुणीतरी वाटावीत. कमिटीचा अध्यक्ष होता भोंगा. आता तो बडा कंत्राटदार, पण वर्गात पाढे म्हणायचा तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं चुकायची. बाईंचा मान म्हटल्यावर त्याने सगळ्यांत आधी हात वर केला.

बाई घरी आल्या त्या पर्स आपटतच. भाची चहा गाळत होती.

“लोक खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढतात, मावशी,” ती म्हणाली. “तुला आयती मिळतेय तर तोंड का असं?”

“आज खुर्चीत बसवतील, उद्या म्हणतील घरीच बसा. आणि घरी बसले की मी आडवीच होणार बघ.”

पण चारचौघांत दिलेला मान नाकारायचा कसा? रविवारी बाई खुर्चीत जाऊन बसल्या. हातांना काही काम नव्हतं म्हणून पदराचं टोक धरून ठेवलं.

पहिलं गीत सुरू झालं आणि काहीतरी बिनसलं. ऑर्गन वाजत होता, तोंडं उघडत होती, मिटत होती, आवाज मात्र पाचसहा जणांचाच. पहिल्या बाकावर भोंगा एवढा मोठा आ करत होता की पडजीभ दिसावी, पण त्यातून चकार शब्द बाहेर पडत नव्हता.

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. शाळेच्या समूहगीतात जो बेसूर असेल त्याला त्या हळूच सांगायच्या, “तू नुसते ओठ हलव.” वर्षानुवर्षं हे चाललं होतं. आणि या गावात सुराचं दुर्भिक्षच, म्हणजे ओठ हलवणारे किती निघाले असतील ते बघा. इतकी वर्षं बाई पाठीमागे होत्या, त्यांना कुणाचे ओठ दिसत नव्हते, म्हणून मंडळी बिनधास्त गात होती. आता बाई समोर.

पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर पाळक बाईंच्या घरी येऊन बसले. चहा निवून गेला तरी घोट घेईनात. लोकांना आपण नकोसे झालोय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं; बदली मागावी का, असंही म्हणाले.

बाईंना हातात लाडू मिळाल्यासारखं झालं. मला मागे जाऊ द्या, एवढंच म्हटलं की काम फत्ते. पण समोरचं ते पडलेलं तोंड बघून त्यांच्याच्याने डाव खेळवेना. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

पाळक हसत सुटले. “मग सोपं आहे. तुम्हीच पुढे उभ्या राहा आणि त्यांना मोकळं करा.”

मोकळं केलं की खुर्ची कायमची गळ्यात पडणार, हे बाईंना कळत होतं. तरी रविवारी त्या उठल्या. “ज्यांना मी ओठ हलवायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “त्यांनी आता गायला हरकत नाही.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग भोंग्याने हात वर केला.

“बाई, मीसुद्धा?”

बाईंनी एकदा ऑर्गनवालीकडे पाहून घेतलं. “तूसुद्धा.”

मग जे सुरू झालं त्याला गीत म्हणायचं तर मोठं मन लागतं. आयांच्या मांडीवर झोपलेली बाळं उठली. ऑर्गनवालीचा सूर सुटला तो पुन्हा सापडला नाही. आणि प्रत्येक जण गात होता तो थेट बाईंकडे बघत, पाटी दाखवायला आलेल्या पोरासारखा, शेजाऱ्याच्या वर आवाज चढवत. औषधवाला आणि पोस्टमास्तर तर ताईला मागे रेटून पुढे झुकले होते. पाळकांनी प्रार्थनेसाठी हात वर केले. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

दुसरं कडवं संपायच्या आत पाळक खाली उतरले, वाकले आणि बाईंच्या कानाशी ओरडून म्हणाले, “बाई, हे देवासाठी गात नाहीयेत, तुमच्यासाठी गातायत. कृपा करून मागे जा.”

“मी म्हातारी आहे,” बाई म्हणाल्या. “उभं राहवेल का मला?”

“बाई, हात जोडतो.”

बाई उठल्या आणि मधल्या वाटेने मागच्या दाराकडे चालू लागल्या. त्या जसजशा मागे गेल्या तसतशी बाकं एकेक करत जरा शुद्धीवर आली. आपल्या जागी पोचून त्यांनी वळून पाहिलं. सगळं गाव पुन्हा पाठमोरं झालं होतं, आणि बऱ्यापैकी गात होतं.

पाळकांनी खुर्ची तेवढी स्वतः उचलून मागे आणून ठेवली. त्यांच्या मनाला तेवढंच समाधान. बाईंनी तिच्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला.

पुढच्या रविवारी भोंगा सगळ्यांच्या आधी हजर. बाईंनी त्याच्या हातात पुस्तक दिलं, पण लगेच सोडलं नाही.

“गा,” त्या म्हणाल्या. “पण शेवटच्या बाकावर बसून.”