ओढा उतरेपर्यंत

कादंबरी ओढा ओलांडून वरच्या वाडीच्या वाटेला लागली, तेव्हा ऊन इतके चटके देत होतं की तिने छत्री उघडली ती उन्हासाठीच. गौरी-गणपती होऊन गेले होते. आठ-दहा दिवस पावसाचा थेंब नव्हता आणि पनवेलच्या बाजारात लोक पाऊस संपलाच असं धरून चालले होते. खाली भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, उतारावर सोनकीची पिवळी फुलं दाटली होती. फक्त कड्याच्या मागे सकाळपासून एक काळा ढग ठाण मांडून होता. बरोबर चालणाऱ्या रूपाने तो दाखवला. भादव्यातली ही काहिली उगाच नसते, दुपारपर्यंत डोंगर ओतणार, असं ती म्हणाली.

रूपा वाडीतलीच. वर्षभरापूर्वी ती आशाताई झाली होती. कादंबरी डोंगराखालच्या उपकेंद्रात नर्स, जूनमध्ये बदलून आलेली. रोज कामोठ्याहून स्कूटरने यायची, आणि महिन्यातून एकदा, लसीकरणाच्या दिवशी, डांबरी रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या घराशी स्कूटर लावून लसीचा डबा खांद्याला अडकवायची. पुढे पाऊण तासाची चढण. पहिल्या तीन खेपांना वाडीत निम्मी घरं बंद मिळाली होती. माणसं मजुरीला गेलेली असायची, हे खरंच. पण एका घराचं दार तिची चाहूल लागली की बंद व्हायचं. ते घर साळूचं.

साळूची सून मैना. तिचं बाळ, गणू, साडेतीन महिन्यांचं, आणि जन्मल्यावर दवाखान्यात मिळाली तेवढी सोडून एकही लस नाही. वहीत त्याच्या नावापुढे दोन महिने लस राहिल्याची तीच रेघ होती. रूपाने पुष्कळ समजावलं होतं. मैना सासूकडे बघायची, साळू घरात निघून जायची.

त्या दिवशी वाडीत पोचल्यावर दोनच आया लेकरं घेऊन आल्या. अंगणवाडीच्या खोलीत त्यांचं काम अर्ध्या तासात उरकलं. बाकीचे वरच्या अंगाला नाचणीच्या शेतांवर गेलेत असं कळलं. कादंबरी डबा बंद करून निघायच्या बेतात होती, तेवढ्यात उजेड गेला. आधी वारा आला, थंडगार, आणि मग कड्याकडून पाऊस असा खाली उतरला की समोरचं झाड दिसेना. तासभर थांबू, कमी होईल, असं ती म्हणाली. दोन तास झाले तरी सर पातळ झाली नाही. साळूचा नवरा पांडू कांबळं डोक्यावर घेऊन ओढा बघून आला. सकाळी ज्या दगडांवरून कादंबरी आली होती ते दगड दिसतच नव्हते. पाणी लाल झालं होतं आणि आतून धोंडे गडगडल्याचा आवाज येत होता.

"आज कोन उतरत नाय," पांडू म्हणाला. "उद्या बगू."

वाडीत एका खडकावर उभं राहिलं की फोन लागायचा. तिथे छत्री धरून कादंबरीने नवऱ्याला कळवलं. निनाद आधी घाबरला, मग म्हणाला की मुलीला आई बघेल, तू घाई करून पाण्यात उतरू नकोस. तिने आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी लसीच्या डब्यातल्या बर्फाची चौकशी केली. बर्फ उद्या सकाळपर्यंत टिकेल, ती म्हणाली.

पावसाने एक मात्र केलं. नाचणीवर गेलेली माणसं भिजून घरी आली. ज्यांना गाठायला ती चार महिने चढत होती ती सगळी वाडी आता आपापल्या चुलीपाशी होती. रूपाने डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि घरोघर सांगून आली. चारच्या सुमाराला अंगणवाडीत आणखी पाच लेकरं टोचून झाली. उरला गणू.

कादंबरी साळूच्या ओटीवर जाऊन बसली. दार बंद करायला आता कुणाला सवड नव्हती. पांडूनेच तिला आत या म्हटलं होतं, पत्र्याखाली वीतभर जागा कोरडी होती. साळू ओलं लुगडं पिळत होती. तिने कादंबरीकडे बघितलं नाही. वर पत्रा वाजत होता. मग कादंबरीने विचारलं, रागाने नाही, साधंच, की माझ्या हातून काही चुकलं का.

साळू म्हणाली, तुमचं नाय. आणि मग हळूहळू सांगायला लागली. मैनाचा थोरला, आता चार वर्षांचा, त्याला आधीच्या बाईने टोचलं होतं. बाई दुपारी उतरून गेली. संध्याकाळी पोर तापलं, मांडी दगडासारखी झाली. रात्रभर त्याचं रडणं थांबेना. बाईने तापाचं औषध दिलं होतं, पण किती द्यायचं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि घरात मापही नव्हतं. साळूने बाटली तशीच आढ्याला खोचून ठेवली. पहाटे पोराला पाठीशी बांधून ती आणि मैना पनवेलपर्यंत चालत गेल्या होत्या. तिथे पोचेस्तोवर ताप उतरला होता आणि दवाखान्यातल्या माणसाने उगाच आलात म्हणून हसून परत पाठवलं होतं.

"तुमी सुई टोचता आन जाता," साळू म्हणाली. "ताप येतो तवा तुमी नसता. आमी असतो."

 ताप येणारच, घाबरू नका, हे वाक्य कादंबरीने आजवर किती आयांना सांगितलं असेल याचा हिशेब नव्हता. सांगून झालं की ती घरी जायची. कामोठ्याच्या घराखालीच दोन दवाखाने होते, आणि स्वतःच्या मुलीला टोचलं तेव्हाही ती थर्मामीटर घेऊन पहाटेपर्यंत जागली होती.

साळूने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"आज तुमी जात नाय ना? मग टोचा."

आता कचरण्याची पाळी कादंबरीची होती. पोराला खरंच काही झालं तर ओढ्यापलीकडे नेता येणार नव्हतं. तिच्या पिशवीत तातडीची इंजेक्शनं होती आणि ती कशी द्यायची ते तिला येत होतं, पण डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, वाट नव्हती. पण आज नाही म्हटलं तर या घराचं दार पुन्हा उघडणार नाही, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. तिने गणूला तपासलं. पोर ठणठणीत होतं, अंगावर पीत होतं. मैनाने त्याला मांडीवर घट्ट धरलं आणि कादंबरीने लस दिली. गणू कळवळून रडला आणि पाच मिनिटांत आईला बिलगून झोपला.

अंधार पडायच्या सुमाराला त्याचं अंग तापलं. मैनाने त्याला कादंबरीपुढे केलं. थर्मामीटर एकशे एकच्या पुढे गेला. कादंबरीने ड्रॉपरने औषध दिलं, आणि साळूला ड्रॉपरवरची मापाची रेघ बोट ठेवून दाखवली, इथपर्यंत, याच्यावर नाही. साळूने आढ्यातली जुनी बाटली काढून आणली. धुराने काळी पडलेली, जवळजवळ भरलेली. तिची तारीख कधीच उलटली होती. कादंबरीने ती आपल्या पिशवीत टाकली.

मग बसून राहणं आलं. पोराचे कपडे सैल केले, कोमट पाण्याने अंग पुसलं. तो पाजायला घेतला की थोडा प्यायचा आणि पुन्हा कुरकुरायचा. कादंबरीला ठाऊक होतं की हा ताप नेहमीचा आहे. तरीही दर थोड्या वेळाने तिचा हात त्याच्या कपाळाकडे जात होता, आणि ओढ्याचा आवाज वाढला की ती दाराशी जाऊन कान देत होती. ज्या भीतीबद्दल ती एवढी वर्षं बोलत आली होती, ती अशी असते हे तिला तेव्हा कळलं. साळू चुलीशी होती. तिने तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण पुढे ठेवलं. कादंबरीने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ताप उतरल्याचं आधी मैनाच्या लक्षात आलं. पोराच्या मानेला घाम आला होता. कादंबरीने थर्मामीटर लावायची गरजच नव्हती, तरी तिने लावला आणि आकडा साळूला दाखवला. साळूला आकडा वाचता येत नव्हता. तिने नातवाच्या कपाळावर ओठ टेकवून बघितलं आणि मान हलवली. मग कादंबरीला एक गोधडी दिली आणि निजा म्हणाली.

सकाळी पाऊस थांबला होता. कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या, आकाश धुतल्यासारखं निळं होतं. गणूची मांडी थोडी सुजली होती, पण तो हसत होता. ओढा उतरायला दहा वाजले. पांडूने आडवी काठी धरून कादंबरीला पार केलं, डबा त्याने डोक्यावर घेतला होता. पलीकडे पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, की पुढच्या खेपेला सांगून या, म्हातारी शेतावर जाणार नाय.

कादंबरीने डॉक्टरांशी बोलून एक गोष्ट बदलून घेतली. वरच्या वाडीचा दिवस असेल तेव्हा ती सकाळी लवकर चढायची आणि उन्हं कलेपर्यंत थांबायची. रात्री रूपा घरोघर फिरायची, आणि औषधाबरोबर प्रत्येक घरी रेघ मारलेला ड्रॉपर जायचा. डॉक्टर आधी म्हणाले की एका वाडीला अख्खा दिवस कसा देणार. मग वहीतल्या रेघा कमी होताना दिसल्या आणि त्यांनी तो विषय सोडला.

ऑक्टोबरात ती गणूचा दुसरा डोस घेऊन गेली तेव्हा ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं आणि नाचणी लाल झाली होती. साळू दारात उभी होती. सकाळी नऊला लस दिली. सगळे ताप यायची वाट बघत ओटीवर बसले. बारा वाजले, तीन वाजले, पोराचं अंग गारच. आता कादंबरी निघाली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. साळूने परसातली मोठी पिवळी काकडी आणली, विळीवर तिच्या फोडी केल्या आणि मीठ लावून तिच्या हातावर ठेवल्या.

"नाय आला ताप," ती म्हणाली. "तरी बसा."

कादंबरी बसली.