पाचवं गाणं

"अडकली मेली पुन्हा," असं म्हणत शीलानं पुढच्या गाण्याचं बटण दाबलं आणि त्या मुलीला बझरवर बोट ठेवून तसंच थंडीत उभं सोडलं.

ती मुलगी म्हणजे सीडीतली. पाचव्या गाण्यात ती त्याचा निळा कोट हातात घेऊन त्याच्या इमारतीखाली येते, बझर दाबते, आणि नेमकी तिथेच सीडी अडकते. मग बझर दाबला, बझर दाबला, बझर दाबला, एवढंच चालू राहतं. पुढे त्यानं दार उघडलं की नाही, हे कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधल्या या दोन बायकांना अख्ख्या हिवाळ्यात कळलेलं नव्हतं.

"तो काही उघडायचा नाही," शीला म्हणाली. "मी ओळखून आहे त्याला. वर सोफ्यावर बसून ऐकत असेल. नेभळट आहे."

"त्यानं उघडलंच असतं," अरुणानं सिग्नलला गाडी थांबवली. "हिनं नीट दाबला असता तं. नुसतं बोट टेकवून राहिली ती. अशा पोरी दाबल्यासारखं करतात अन् मग जगभर गाणं म्हणत फिरतात."

"अगं, कोट परत द्यायला आली बिचारी, एवढ्या बर्फात."

"नेला काहून होता मग?"

रोज सकाळी हे असं चालायचं. दोघी एकाच वेअरहाउसमध्ये शाम्पूच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या. शीला मूळची पुण्याची, तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. अरुणा नागपूरची, तिथे ग्रंथालयात होती. अरुणाच्या गाडीतून जाता-येता दोघींची गट्टी जमली होती. धम्मचक्र दिनाची खीर आणि दिवाळीचे लाडू गाडीतच इकडून तिकडे जायचे. एकमेकींच्या घरी जाणं मात्र दारापर्यंतच होतं. ते तसं का, हे कुणी विचारलं नव्हतं. एक बौद्ध आणि एक ब्राह्मण असल्यावर विचारायचं तरी काय, हे दोघींना न बोलताच ठाऊक होतं.

गाडी अरुणाच्या मुलाची, हर्षवर्धनची. सप्टेंबरमध्ये तो अचानक व्हँकुव्हरची नोकरी धरून निघून गेला. "आई, गाडी तू वापर," म्हणाला. का चाललास विचारलं तर "जॉब आहे गं." चेहरा असा की बघवत नव्हता. त्याच्या मागे गाडीत राहिली ती ही सीडी, आणि तीही प्लेअरमध्ये घट्ट रुतलेली. बाहेर येईना, रेडिओ लागू देईना.

झोपेतून उठून थेट माइकसमोर आल्यासारखा त्या गाणारीचा आवाज. मागे एक गिटार, लहान मुलांच्या खेळण्यातलं असावं तसं काहीतरी टिणटिण वाजणारं, आणि मधूनच एक रडवेला ट्रम्पेट. पहिल्या आठवड्यात अरुणाला वाटलं, हे गाणं नाही, ही तक्रार आहे. पण मुलगा काही सांगत नव्हता आणि सीडी थांबत नव्हती. मग तिनं ठरवलं की मुलाचं काय झालं ते हिच्याकडूनच काढून घ्यायचं. इंग्रजी कळलं नाही की शीलाला विचारायचं, आणि शीला ते समजावून सांगता सांगता स्वतःच त्यात गुंतत गेली.

तिसरं गाणं आख्खं टोस्टरवर होतं. दोघांचं मोडल्यावर टोस्टर कुणी ठेवायचा. त्या संध्याकाळी अरुणानं घरी जाऊन टोस्टर आहे ना ते बघितलं. होता. तरी समाधान झालं नाही म्हणून तिनं हर्षला फोन करून विचारलं, "तुझ्याकडे टोस्टर आहे का रे?"

"आई, काय झालंय तुला?" हर्ष म्हणाला.

डिसेंबर येईतो अरुणाचं मत पक्कं झालं. कुणीतरी निळ्या कोटवाली आहे आणि तिनं माझ्या पोराचं वाटोळं केलं. शीला मात्र हटकून मुलीच्या बाजूनं उभी राहायची. मुलीच्या बाजूनं बोलायला तिच्याकडे कारणही होतं. तिची लेक चैत्राली गणपतीपासून धड जेवत नव्हती. विचारलं की म्हणायची डाएट आहे.

आणि मग मार्चमधल्या एका रविवारी हर्षचा फोन आला. तो हसत होता. सहा महिन्यांनी तिला ते हसू ऐकू आलं. व्हँकुव्हरजवळ कोक्विटलाममध्ये छोटा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, बघितलाय म्हणाला.

"एकटाच गेला होतास बघायला?"

"नाही गं. जाई म्हणून आहे एक. तिनंच शोधला." आणि पुन्हा हसला.

अरुणानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डोळे पुसले. आता ती रडकी सीडी नको. शनिवारी मेकॅनिककडे जाऊन उपटून काढायची. सोमवारी शीलाला हे कधी सांगते असं तिला झालं होतं.

पण सोमवारी शीलाबरोबर चैत्रालीही दारात उभी. "हिच्या गाडीची बॅटरी बसली गं. बस टर्मिनलला सोडू या?" शीला म्हणाली. चैत्राली मागच्या सीटवर बसली, "हाय, आँटी" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. पोरगी फार वाळली होती. अरुणाला वाटलं, जाईची बातमी आता हिच्यासमोर नको. मागाहून सांगू.

गाडी सुरू झाली तशी सीडीही सुरू झाली. टोस्टरचं गाणं झालं. चौथं झालं. पाचव्यात ती मुलगी कोट घेऊन आली आणि बझर दाबला, बझर दाबला, बझर दाबला.

शीलाचा हात पुढच्या गाण्याच्या बटणाकडे गेला. त्याआधीच मागून चैत्राली दोन सीटांच्या मधून वाकली आणि तिनं डॅशबोर्डवर, हिटरच्या जाळीच्या बरोबर खाली, तळहातानं एक चापट मारली. बाहेरच बघत होती ती, हाताकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

सीडी सुटली. गाणं पुढे गेलं.

पुढे शब्दच नव्हते. नुसतं ला ला ला, आणि ट्रम्पेट.

"एवढंच?" शीला म्हणाली. हिवाळाभर भांडल्याचं हे असं फळ. मग तिला कळलं की आपण भलताच प्रश्न विचारतोय. तिनं वळून लेकीकडे बघितलं. चैत्राली स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

"ही गाडी," शीला हळूच म्हणाली. "चैतू, तुला कसं माहीत?"

ला ला ला चालूच होतं. अरुणानं वायपर लावले. काचेवर काही नव्हतं.

"टू इयर्स, आई. मी आणि हर्ष," चैत्राली म्हणाली. "सीडी मीच दिली होती. तो म्हणायचा, सांगू या त्यांना. मी म्हणायचे, वेट. दिवाळी होऊ दे. कॉन्व्होकेशन होऊ दे. आय जस्ट केप्ट सेइंग वेट. मग तो थकला."

"मला का नाही सांगितलंस?"

चैत्रालीनं बॅग खांद्याला लावली. टर्मिनल आलं. उतरताना ती अरुणाच्या खिडकीशी थांबली. "आँटी, तो बरा आहे ना?"

कोटवालीला सुनवायला म्हणून अरुणानं हिवाळाभर एकेक वाक्य घोळवून तयार ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. "टोपी घाल, बेटा. कान लाल झाले."

वेअरहाउसच्या पार्किंगमध्ये दोघी तशाच बसून राहिल्या.

"हर्षचा नंबर दे," शीला म्हणाली.

"काहून?"

"शिव्या घालते. पोरगी थांब म्हणाली तर आणखी थोडं थांबायला काय झालं होतं?" तिनं फोन काढून हातात धरला. "मी बोलते त्याच्याशी, अरुणा. मी स्वतः बोलते."

अरुणानं सांगून टाकलं. कोक्विटलाम, कॉन्डो, जाई. तो कसा हसला तेही सांगितलं, कारण ते लपवणं तिला जमलं नसतं.

शीला बराच वेळ डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. "खरं सांग," ती म्हणाली. "चैतूनं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

"ते मी कसं सांगू? तूच सांग."

शीलानं प्रामाणिकपणे विचार केला. भूगोलाच्या बाई होत्या त्या, अंदाजपंचे बोलायची सवय नव्हती. "सहा महिने रडले असते. पुण्याला फोन करकरून सगळ्यांना रडवलं असतं."

"अन् मग?"

"मग काय. कंटाळले असते. तुझ्या घरी भरीत खायला आले असते."

अरुणा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. तिला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण शेजारची बाई खरं बोलली होती, आणि ते शीलाला स्वतःलाच फार लागलं होतं.

"सहा महिने तं होऊन गेले, शीला," ती म्हणाली.

शीलानं मान हलवली. पदर नव्हता, म्हणून जॅकेटच्या बाहीनं डोळे पुसले. मग हात लांब करून तिनं सीडी मागे नेली, पुन्हा पाचव्या गाण्यावर. मुलगी कोट घेऊन आली, बझरपाशी अडकली. शीलानं जाळीखाली चापट मारली. काहीच झालं नाही. आणखी एक मारली.

"जरा डावीकडे," अरुणा म्हणाली.